जेम्स लॉसन नागपुरात राहून गेले, आणि आपण मुलांसमोर ‘कल्लू’ म्हणतो

पोस्ट लांब आहे आणि काही जणांना झोंबणार आहे. झोंबली तर खाली कॉमेंटमध्ये जरूर भांडा, पण शेवटपर्यंत वाचून भांडा.

दर जानेवारीत आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम होतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सोमवारची सुट्टी येते. मंडळाच्या ग्रुपवर गांधीजी आणि किंग यांचा शेजारी शेजारी लावलेला फोटो फिरतो, खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते, आणि पोरांच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी आपण सगळे एकच वाक्य पुरवतो: किंग गांधीजींकडून शिकले. झालं. आपला वाटा मिळाला, कॉलर ताठ. मग दोन दिवसांनी त्याच ग्रुपवर कुणीतरी विचारतं, अमुक भागात घर बघतोय, कसा आहे एरिया? उत्तर येतं: घरं छान आहेत हो, पण शाळेत ‘ते’ जरा जास्त आहेत. ‘ते’ म्हणजे कोण, हे कुणालाही विचारावं लागत नाही.

किंग गांधीजींकडून शिकले हे वाक्य खोटं नाही. पण त्यातला मधला माणूस आपण गाळून टाकलाय. तो माणूस पुस्तकातून नाही, नागपुरात तीन वर्षं राहून शिकून आला होता. रेव्हरंड जेम्स लॉसन. ९ जून २०२४ ला लॉस एंजेलिसमध्ये ते गेले, वयाच्या ९५ व्या वर्षी. मी पाच मराठी ग्रुपांवर आहे. एकावरही एक ओळ आली नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे हापूसच्या पेट्यांची ऑर्डर जोरात चालू होती.

मी स्वतः नागपूरची. सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजच्या फाटकावरून शेकडो वेळा सायकल हाणली असेल. १८८३ सालचं जुनं कॉलेज, स्कॉटिश मिशनऱ्यांनी काढलेलं. तिथे कोण कोण शिकलं याची यादी नागपूरकर झोपेतही म्हणून दाखवतील. पण तिथे १९५३ ते ५६ या काळात अमेरिकेतून आलेला एक पंचविशीतला काळा तरुण शिकवत होता, पोरांना खेळ शिकवत होता आणि उरलेल्या वेळात सत्याग्रह म्हणजे नेमकं काय ते समजून घेत होता, हे मला कुणी सांगितलं नाही. गल्लीतल्या एखाद्याचा पोरगा इथे कुठल्या कंपनीत व्हीपी झाला तर अख्ख्या धरमपेठेला कळतं!

तर हा माणूस कोण, ते आधी सांगते.

जन्म १९२८, पेनसिल्व्हेनियातलं युनियनटाउन. वाढले ओहायोतल्या मॅसिलॉनमध्ये. लहान असताना रस्त्यात उभ्या गाडीतल्या एका गोऱ्या पोरानं त्यांना काळ्यांसाठीची ती घाणेरडी शिवी दिली. यांनी जाऊन एक ठेवून दिली. घरी येऊन आईला सांगितलं. आई स्वयंपाक करत होती. तिनं विचारलं, त्यानं काय भलं झालं रे? आणि मग याहून चांगला मार्ग असलाच पाहिजे, असं काहीतरी ती समजावत राहिली. लॉसन हा प्रसंग आयुष्यभर सांगत. पुढे कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीला त्यांनी नकार दिला आणि वर्षाहून जास्त काळ तुरुंगात काढला. सुटल्यावर मेथडिस्ट चर्चच्या वतीने भारतात आले ते थेट नागपूरला.

नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. गांधीजींना जाऊन पाच वर्षं झाली होती, पण त्यांच्याबरोबर तुरुंगात गेलेली माणसं शहरात हिंडत-फिरत होती. १९२३ चा झेंडा सत्याग्रह याच शहरातला. सेवाग्राम तिथून ७५ किलोमीटरच्या आसपास. विनोबांची भूदान पदयात्रा चालू होती. म्हणजे सत्याग्रह हा धड्यातला विषय नव्हता, शेजारच्या घरातले काका तो करून आले होते. डिसेंबर १९५५ मध्ये एके दिवशी ‘नागपूर टाइम्स’मध्ये लॉसननी बातमी वाचली: अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकलाय आणि पुढारी कुणी किंग नावाचा तरुण पाद्री आहे. ज्याची वाट बघत होतो ते आपल्या घरी सुरू झालं, हे त्यांना नागपुरात बसून कळलं. १९५६ मध्ये ते परत गेले. फेब्रुवारी १९५७ मध्ये ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात किंग यांची भेट झाली. लॉसन म्हणाले, शिक्षण संपवून पुढे कधीतरी दक्षिणेत यायचा विचार आहे. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या. तुमच्यासारखं शिकून आलेलं दुसरं कुणी आमच्याकडे नाही. लॉसन शिक्षण अर्धवट टाकून नॅशव्हिलला गेले.

आता खरा भाग. हा मुलांना जरूर वाचून दाखवा.

नॅशव्हिलमध्ये एका चर्चच्या तळघरात लॉसननी कॉलेजच्या पोरापोरींचे वर्ग घ्यायला सुरुवात केली. डायन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हल ही पुढे इतिहासात गेलेली नावं तेव्हा वीस-बावीस वर्षांची होती. शहरात दुकानं सगळ्यांना उघडी, पण दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर काळ्या माणसानं बसायचं नाही. कपडे घ्या, पैसे द्या, पण कॉफी मागू नका. तिथे जाऊन शांतपणे बसायचं, हे ठरलं. बसल्यावर काय काय होईल याची तालीम तळघरात चालायची. काही पोरं गुंड व्हायची आणि बाकीच्यांना शिव्या द्यायची, खुर्चीवरून ओढायची, केस ओढायची, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायची. ज्यांच्यावर हे चालायचं त्यांनी हात उगारायचा नाही, पळायचं नाही, मानही खाली घालायची नाही. पडलात तर डोकं कसं वाचवायचं, शेजारच्याला जास्त मार बसत असेल तर त्याच्या आड कसं यायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं बघायचं, हे सगळं शिकवलं जायचं. महिनोन् महिने. जमलं नाही त्याला कमीपणा नाही, त्यानं दुसरं काम करायचं.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण आपल्याकडे अहिंसा म्हणजे गप्प बसणं, मान खाली घालून आपलं काम करणं, अशी सोयीची समजूत आहे. ‘आपण बरं आणि आपलं काम बरं’ याला आपण संस्कार म्हणतो. लॉसन यांच्या तळघरात जे चाललं होतं ती पलटणीसारखी कवायत होती. फक्त हत्यार नव्हतं.

१३ फेब्रुवारी १९६० ला पोरं जाऊन बसली. चांगले कपडे, हातात अभ्यासाची पुस्तकं. दोन आठवड्यांनी एका शनिवारी गुंड घुसले, सिगारेटचे चटके दिले, खुर्चीवरून खाली ओढून मारलं. पोलिसांनी पकडलं ते मार खाणाऱ्या पोरांना, ऐंशीच्या आसपास. एक तुकडी उचलली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसायची. त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतात. चामड्याचं जाकीट घातलेला एक तरुण लॉसन यांच्या तोंडावर थुंकला. लॉसननी त्याच्याकडेच रुमाल मागितला. तो इतका गडबडला की त्यानं खिशातून काढून दिला! तोंड पुसत लॉसननी विचारलं, मोटरसायकल आहे का रे तुझ्याकडे? आणि दोघं गाडीवर बोलू लागले.

मार्चमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठानं लॉसन यांना काढून टाकलं. ते तिथल्या धर्मशास्त्र विभागात शिकत होते. निषेध म्हणून तिथल्या काही प्राध्यापकांनी राजीनामे देऊ केले. दुकानांवर काळ्या गिऱ्हाइकांचा बहिष्कार चालू होता. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला, हजारो लोक नगरपालिकेवर चालत गेले, आणि पायऱ्यांवर डायन नॅशनं महापौरांना सगळ्यांसमोर विचारलं: रंगावरून भेद करणं चूक आहे असं तुम्हाला माणूस म्हणून वाटतं का? महापौर हो म्हणाले. १० मे १९६० ला काउंटर उघडले.

पुढचं भराभर सांगते. १९६१ मध्ये फ्रीडम राइड, त्यात अटक. १९६८ मध्ये मेम्फिस. तिथे पावसापासून वाचायला कचऱ्याच्या गाडीत शिरलेले एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. तेराशे सफाई कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढीच चार अक्षरं लिहिलेले फलक गळ्यात घालून ते रस्त्यावर चालले. त्या लढ्याच्या समितीचे प्रमुख लॉसन होते. त्यांनीच किंग यांना मेम्फिसला बोलावलं, आणि ४ एप्रिलला किंग यांना तिथेच गोळी घातली गेली. एखादा माणूस तिथेच मोडून पडला असता. लॉसननी पुढे किंग यांच्या खुनाबद्दल शिक्षा भोगणाऱ्या जेम्स अर्ल रेची तुरुंगात भेट घेतली, त्याचं लग्नही लावून दिलं. (हे पचायला मलाही जड जातं.)

१९७४ ला ते लॉस एंजेलिसच्या होलमन चर्चमध्ये आले आणि २५ वर्षं तिथे पाद्री होते. तिथल्या कामाबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण त्यात कॅमेरे नव्हते. हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बायका, रात्री ऑफिसं झाडणारे कामगार, यातले बरेचसे मेक्सिको-एल साल्वाडोरहून आलेले. त्यांच्या युनियनला तळघरातला तोच अभ्यासक्रम लॉसन शिकवत राहिले. २००३ मध्ये स्थलांतरित कामगारांनी फ्रीडम राइडच्या धर्तीवर देशभरातून बसयात्रा काढल्या, त्यामागेही ते होते. कागदपत्रं नसलेली पोरं यूसीएलएमध्ये त्यांच्या वर्गात बसायची. ९० च्या घरात पोचलेला माणूस वर्ग घेत होता, मंडळी. आपल्याकडे साठीशांतीनंतर माणूस फक्त प्रमुख पाहुणा होतो.

सत्कारही झाले, पण उशिरा. व्हँडरबिल्टनं ४६ वर्षांनी, २००६ मध्ये, त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावलं आणि ते राग न धरता गेले. नॅशव्हिलमध्ये २०२३ ला त्यांच्या नावाची हायस्कूल उघडली. यूसीएलएच्या कामगार केंद्राच्या इमारतीला त्यांचं नाव आहे. नाव देणं सोपं असतं. माणूस म्हातारा झाला की तो कुणाला गैरसोयीचा उरत नाही.

आता आपल्याकडे वळते.

आपण इथे कसे आलो? ‘मेरिटवर,’ असं उत्तर तयार असतं. इंजिनिअरिंग, जीआरई, एचवनबी, ग्रीनकार्डची रांग. कष्ट केलेत, कुणाचं देणं नाही. बरं. १९५० मध्ये सीओईपी आणि व्हीजेटीआयमध्ये हुशार पोरं नव्हती का? होती ना. पण १९४६ च्या कायद्यानं भारतातून वर्षाला फक्त १०० माणसांना इथे कायमचं येता येत होतं. शंभर! आपल्या गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत याहून जास्त लोक असतात. गुणवत्ता तीच होती, दार बंद होतं. ते दार उघडलं ३ ऑक्टोबर १९६५ ला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी सही केली तेव्हा. त्याआधी १९६४ च्या जुलैत नागरी हक्कांचा कायदा झाला होता आणि १९६५ च्या ऑगस्टमध्ये मतदान हक्कांचा. तिन्ही कायदे सव्वा वर्षात. घरात रंगावरून भेद करणं बेकायदा ठरवल्यावर दारात उभ्या माणसाला वंशावरून हाकलणं त्या सरकारला शोभेना, हा त्यातला सरळ धागा आहे. कायदा करणाऱ्यांना आपल्यासारखे लोक इतक्या संख्येनं येतील असं वाटलंही नव्हतं, तो भाग वेगळा. पण ज्यांनी खुर्चीवर बसून चटके खाल्ले त्यांच्यामुळे आपल्या पासपोर्टवर शिक्का बसला. आणि ती माणसं म्हणजे आपल्या ग्रुपवरचे ‘ते’.

इंग्लंडमधल्या वाचकांनो, तुम्हीही सुटला नाहीत. १९६३ मध्ये ब्रिस्टलच्या बस कंपनीत काळ्या-सावळ्यांना कंडक्टर म्हणून घेत नव्हते. वेस्ट इंडीजहून आलेल्या लोकांनी पॉल स्टीफन्सन यांच्यासारख्यांच्या पुढाकारानं चार महिने बहिष्कार चालवला आणि जिंकला. त्यानंतर पहिला बिनगोरा कंडक्टर कोण लागला? रघबीर सिंग, एक शीख. लढले ते, पहिला गणवेश चढला आपल्या माणसाच्या अंगावर. आखातातल्या मंडळींना तर काय सांगू, तिथे तुमच्याच इमारती बांधणारा मजूर कुठल्या बसमधून, किती माणसांच्या खोलीवर परत जातो, हे तुम्हाला खिडकीतून दिसतं.

दुसरं उत्तर असतं, आमच्यावरही वंशभेद होतो हो. होतो. मॉलमध्ये कुणी ‘परत जा’ म्हणतं, व्हिसावरून टोमणे बसतात, पोराच्या डब्याला वास येतो म्हणून पोरगं रडत येतं. मग काय करतो आपण? पोराला सांगतो, दुर्लक्ष कर, अभ्यासात पुढे जा. आणि संध्याकाळी जेवताना त्याच पोरासमोर ‘आज दुकानात एक कल्लू होता’ अशी सुरुवात करून गोष्ट सांगतो. पोरं मूर्ख नसतात. सगळं टिपतात. शाळेत त्यांच्या शेजारी त्याच रंगाचा मित्र बसतो. त्याला घरी बोलवायचं म्हटलं की आईच्या कपाळाला आठी येते आणि कोरियन मित्राला बोलवायचं म्हटलं की येत नाही, हे दहा वर्षांच्या पोराला व्यवस्थित कळतं. मग ते आपल्याशी खोटं बोलायला लागतं, किंवा आपल्यासारखं होतं. दोन्ही वाईट, आणि दुसरं जास्त वाईट.

‘अहो, आपल्याकडे काळा म्हणजे फक्त रंग, त्यात शिवी नसते,’ असंही एक काका म्हणतात. मग लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ काय म्हणून लिहितात काका? रंगाचं वर्णन म्हणूनच का?

आणि एकदा वंशाबद्दल बोलायला बसलो की जात आपोआप पानावर येते, म्हणून आपण बोलत नाही. १९२३ सालचा भगतसिंग थिंद यांचा खटला किती जणांना ठाऊक आहे? नागरिकत्व तेव्हा ‘गोऱ्या’ परदेशी माणसाला किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसाला मिळायचं. थिंद हे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित; नाव आपल्या कानाला ओळखीचं लागेल. सुप्रीम कोर्टात त्यांच्या बाजूनं मांडणी अशी झाली की उच्च जातीचा हिंदू हा आर्य, म्हणून गोरा; आणि अमेरिकी माणूस लग्नाच्या बाबतीत काळ्यांकडे जसा बघतो तसाच तो आपल्याकडच्या मूळ रहिवाशांकडे बघतो. म्हणजे आमची जात पाळण्याची सवय हाच आमच्या गोरेपणाचा दाखला! कोर्टानं हे मानलं नाही. थिंद हरले, आणि आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्व सरकारनं काढून घ्यायला सुरुवात केली. वरच्याच्या पंक्तीत जागा मिळावी म्हणून खालच्याला लाथ मारून दाखवायची, हा डाव शंभर वर्षांपूर्वी खेळून झालाय. हरलोय आपण त्यात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटलनं जातीवरून भेदभाव करायला बंदी केली. कॅलिफोर्नियातलं तसंच विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्यपालांनी नाकारलं. कायदा कसा असावा यावर मतभेद असू शकतात, मान्य. पण त्या वर्षी आपल्या ग्रुपांवर जी आग पेटली तिचा रोख कायद्याच्या कलमांवर नव्हता. ‘इथे जात आहेच कुठे’ असं लिहिणाऱ्यांनीच मागच्या महिन्यात नव्या कुटुंबाला ‘तुम्ही कुठले, आडनाव काय, अच्छा अच्छा’ विचारून झालं होतं.

हे सगळं आपल्याच भाषेत कधीच सांगून झालंय, हे आणखी लाजिरवाणं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना समुद्रापलीकडचं नातं दिसत होतं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, कारण काळ्या लोकांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणारा अर्ज त्यांना बघायचा होता. ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं. ज्या १९५६ मध्ये लॉसन नागपूर सोडून घरी गेले त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्याच शहरात बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. एकाच शहरातून, एकाच वर्षी, माणूसपण मागणाऱ्या दोन वाटा निघाल्या. मुलांना गांधी-किंग सांगताना बाबासाहेब गाळायचे, ही आपली चलाखीही मुलांना एक दिवस कळणार आहे. मेम्फिसच्या कचरागाडीत कोण मेलं, हे वाचून आपण हळहळतो. मुंबईच्या गटारात कोण उतरतं, हे आपल्याला न वाचता ठाऊक आहे.

आता या पोस्टचं निमित्त. आमच्या मंडळात दर जानेवारीत ‘ज्येष्ठ गौरव’ असतो. शाल, श्रीफळ, मानपत्र, पाच मिनिटांचं भाषण जे वीस मिनिटं चालतं. गेल्या काही वर्षांत सत्कार कुणाचे झाले ते आठवा. बहुतेक सगळे देणगीदार, चांगली माणसं, तक्रार नाही. या वर्षी मी एक नाव सुचवलं. आमच्या गावातल्या ८१ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका, काळ्या. नाव इथे लिहीत नाही, त्यांना न विचारता लिहिणं बरं नव्हे. वीस वर्षं त्या लायब्ररीत दर मंगळवारी इंग्रजी बोलायचे वर्ग घेतात. आपल्या किती जणांच्या आया सहा महिन्यांसाठी आल्या की त्या वर्गात जाऊन बसायच्या आणि ‘बाई फार गोड आहेत गं’ म्हणत घरी यायच्या! शाळेत आपल्या पोरांना दिवाळीची रजा गैरहजेरीत धरू नये, म्हणून शिक्षण मंडळाच्या बैठकीत उभ्या राहून बोलणाऱ्या त्याच होत्या. आपल्यापैकी तेव्हा तीन जण हजर होते, मागच्या रांगेत.

कार्यकारिणीतून उत्तरं आली ती अशी. एक, आधी आपल्या माणसांचे सत्कार होऊ देत. दोन, मंडळात राजकारण नको. तीन, प्रायोजकांना कसं वाटेल? आणि चौथं उत्तर फोनवर, हळू आवाजात: त्यांना बोलावलं तर त्यांच्याबरोबर आणखी लोक येतील ना.

एकेक घेते. आपली माणसं कोण, हे आडनावावरून ठरवायचं असेल तर मग दिवाळीची रजा आडनाववाल्यांकडून मागायला हवी होती. राजकारणाचं म्हणाल तर आपल्या व्यासपीठावर महापौर येतात, निवडणुकीला उभे राहिलेले उमेदवार येऊन ‘नमस्कार’ म्हणतात, त्यांच्याबरोबर आपण रांग लावून फोटो काढतो. तेव्हा राजकारण नसतं? प्रायोजकांबद्दल मी स्वतः तिघांशी बोलले. तिघांनाही काही वाटलं नाही. एकानं उलट विचारलं, इतकी वर्षं का नाही केलं? आणि चौथ्याला एवढंच: हो, येतील. मुलं, नातवंडं, चर्चमधल्या मैत्रिणी येतील. त्यांना साबुदाणा वडे देऊ. तिखट कमी घालू.

सत्कार केला की झालं, असंही मला म्हणायचं नाही. सत्काराच्या दिवशी मंगळवारच्या वर्गासाठी मदतनिसांची यादी करू. त्यांचे गुडघे दुखतात, खुर्च्या लावायला, कागद वाटायला हात हवेत. आठवीच्या पुढची पोरं हे करू शकतात आणि त्यांना शाळेत सेवेचे तास हवेच असतात. मराठी शाळेच्या वर्गात एक रविवार लॉसन यांच्यावर घेऊ. नकाशावर नागपूर आणि नॅशव्हिल दोन्ही दाखवू. ज्यांना अधिवेशनासाठी हॉटेल ठरवायचं असतं त्यांनी खोल्यांचे दर आणि जेवणात पनीर विचारण्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: इथल्या कामगारांचा करार झालाय का, संप चालू आहे का? २०२३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये हॉटेल कामगार संपावर होते. ज्या युनियनला लॉसन इतकी वर्षं शिकवत होते तीच ही. संपाची रांग ओलांडून आत जायचं आणि आत जाऊन शिवाजी महाराजांवरचा पोवाडा ऐकायचा, हे चित्र मला तरी बघवणार नाही.

आणि घरात तो शब्द बंद. आजोबांनी वापरला तरी. आजोबा दुखावतील, चार दिवस गप्प राहतील, मग चहा मागतील.

कार्यकारिणीची बैठक येत्या रविवारी रात्री आठ वाजता झूमवर आहे. ठराव मी मांडतेय. अनुमोदक अजून मिळालेला नाही. सभासदांपैकी कुणीही देऊ शकतं, वर्गणी भरलेली असली पाहिजे एवढंच. मला इथेच मेसेज करा, लिंक पाठवते.